इंचाला चार हजार रेघा

आज सकाळी सव्वानऊला लाइट गेली आणि मागच्या गल्लीतले माग एकदम थांबले. भिवंडीत लाइट गेलेली आधी कानांना कळते, डोळ्यांना नंतर. ज्या खटखटीत आपण दिवसभर बोलतो, जेवतो, दुपारची डुलकी काढतो, ती मधूनच तुटते आणि मग लांबचा कुकर, जिन्यावरची कुणाची तरी चप्पल, असलं काहीबाही ऐकू यायला लागतं. अशी शांतता लोकांना हवीशी वाटते म्हणे. मला त्या शांततेत एका माणसाचा आवाज ऐकू येतो, "दोन घे, तीन सोड," आणि मी हातातलं काम खाली ठेवते.

इरा, तुझी मेल परवा आली. तू इंग्रजीत लिहिलंस, मी मराठीत लिहिते. बाबा तुला आणि नीलला वाचून दाखवेल, आणि वाचताना तो मध्ये थांबला तर त्याला घाई करू नका. तू विचारलंयस की बाबाने चित्रं काढायचे दोन टॅबलेट दाखवलेत, दोन्ही फार महाग नाहीत, त्यांतला कुठला घेऊ. आणि बाबा म्हणाला म्हणे, आजीला विचार, आजीने एकदा निवडला होता. निवडला होता हे खरं आहे. एरवी मी तुला मुद्दे घालून उत्तर दिलं असतं. पण कॉम्प्युटर बंद आहे, म्हणून वही घेऊन बसले, आणि वहीत उत्तर लांबत चाललंय.

नवं शतक सुरू होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. फेब्रुवारी संपत आला की उन्हाळ्याच्या आधी लाइट जायचा हंगाम सुरू व्हायचा. कधी सकाळी, कधी भर दुपारी, तासन् तास. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी त्याचं वेळापत्रक लावलं होतं, शाळेत लावायचे तसं, वारांचे रकाने आखून. टाकी कधी भरायची, मिक्सर कधी लावायचा, इस्त्री कधी, सगळं त्यावरून. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वेळापत्रक आखलं की निम्मं संकट टळतं अशी माझी समजूत होती. दुपारी दहावीची चार-पाच मुलं शिकवणीला यायची. त्यांच्या वह्यांवर घामाच्या बोटांचे डाग पडायचे. सुताला लावायच्या कांजीचा आंबूस वास खिडकीतून आत यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर कापसाची बारीक लव बसायची. माग थांबले की कामगार शेडबाहेर येऊन बसायचे, लुंग्या गुडघ्यापर्यंत वर घेतलेल्या. त्यांतला एक जण रोज विचारायचा, "लाइट कब आएगी रे?" आणि दुसरा रोज तेच सांगायचा, "तेरी शादी के बाद." दोघंही पन्नाशीकडे झुकलेले. शिकवणीची मुलं पहिले काही दिवस हसली, मग हसेनाशी झाली.

तुमचे आजोबा, नाना, ग्राफ काढायचे. नील फार लहान होता, त्याच्यासाठी सांगते. भिवंडीतले बहुतेक माग साधं, बिननक्षीचं कापड विणतात. पण काही मागांवर जकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं आणि त्यांच्यावर साडीचे काठ निघतात. यंत्राला चित्र कळत नाही. हा दोरा उचलायचा की सोडायचा, एवढंच त्याला कळतं. म्हणून आधी कुणाला तरी काठावरचं पान, वेल चौकटींच्या कागदावर उतरवावी लागते. उचलायचा तो दोरा म्हणजे लाल चौकट, सोडायचा तो म्हणजे कोरी. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि त्या पट्ट्या मागावर चढतात. भोकं पाडणारा, म्हणजे पंचिंगवाला, यंत्रापाशी बसायचा आणि नाना शेजारी बसून त्याला ग्राफ वाचून दाखवायचे: दोन घे, तीन सोड, एक घे, सात सोड. एकसुरी आवाजात, न अडखळता, तासभर.

उत्तरेच्या खिडकीशी त्यांचं टेबल होतं. लाल रंगाची वाटी, बारीक ब्रश आणि घडीचं एक पितळी भिंग. त्या भिंगाखाली बरोबर एक इंच कापड दिसतं. कापडाच्या धंद्यातला माणूस त्यातून दोरे मोजतो, इंचाला उभे किती, आडवे किती. आमच्या गावात मालाची पारख त्यावरच. जितके दोरे जास्त, तितकी वीण दाट, तितका माल चांगला. तुझ्या बाबाच्या शाळेच्या शर्टाचं कापडसुद्धा नानांनी भिंग लावून घेतलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "नाना, पोराला शर्ट शिवताय की तंबू?" इरा, ही दाट विणीची गोष्ट लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

त्यांचा हात कधी हलायला लागला ते मला नेमकं सांगता येत नाही, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावणाऱ्या माझ्यासारखीला हे कबूल करणं जड जातं. आधी कपबशी गेली. म्हणाले, बशी उगाच वाजते, मला स्टीलच्या पेल्यात चहा देत जा. मी दिला. मग उजवा हात खिशात ठेवून बोलायची सवय लागली. मग एका ग्राफवर लाल रंग चौकटीबाहेर आलेला दिसला, आधी एका पाकळीवर, नंतर सगळीकडे. ठाण्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि माझ्या हातात एक इंग्रजी पत्रक दिलं. परतताना एसटीत नानांनी विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

"गोळ्या वेळेवर घ्यायच्या," मी म्हटलं.

पत्रक चार पानांचं होतं. मी ते दवाखान्यातच दोनदा वाचलं होतं.

त्याच आठवड्यात राहनाळहून हरिभाऊ आले. राहनाळला त्यांची मागांची शेड होती, वीसेक साधे माग आणि कोपऱ्यात चार जकार्डचे. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या चार मागांचे काठ नानांच्या हातचे. हरिभाऊंच्या मुलाला मी शाळेत शिकवलं होतं, म्हणून ते मला बाई म्हणायचे. त्या दिवशी आल्या आल्या त्यांनी तांब्याभर पाणी संपवलं.

"नाना, पोरगा बोलतो शेड मोकली कर. दापोड्याला, मानकोलीला सगल्यांनी गोदामं केली. लाइट असली काय आनी नसली काय, गोदामाला दिवाबी लागत न्हाय."

"मग?" नाना म्हणाले.

"मी बोललो चार माग तरी ठेव. तर बोलतो, त्यांच्यावर काय इनशील? मुंबईचा एक व्यापारी हाय. अक्षय्यतृतीयेला येनार हाय. नवा काठ त्याला आवडला त ऑर्डर देतो बोललाय. न्हाय आवडला त भंगारवाला हायेच."

"काढतो मी काठ."

"पन कागदावर नको. पंचिंगवाला आता कागदाला हात लावत न्हाय. त्याला सीडी पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या पोराचा कॉम्पुटर हाय ना घरी? का त्याच्यावर पापड वालवता?"

मी हसले. नाना हसले नाहीत, त्यांनी खिशातला हातही काढला नाही. काठावर काय काढायचं ते मात्र त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. "तिवराचं पान," म्हणाले. खाडीच्या चिखलात उभी असतात ती तिवरं.

"ती काय साडीवर घालायची वस्तू हाय? आमचे म्हातारे त्याचा सरपन करायचे," हरिभाऊ म्हणाले. तरी जाताना त्यांचा चेहरा आले तेव्हापेक्षा बरा होता.

हरिभाऊंना चार माग वाचवायचे होते. मला एक माणूस ग्राफ काढणारा राहायला हवा होता. बाकी काही गेलं तरी चालेल, पण खिडकीशी बसून हा माणूस काहीतरी काढतोय, असं घरात शिरल्यावर दिसायला हवं होतं. अक्षय्यतृतीयेला दोन महिनेही उरले नव्हते.

माऊस नानांना जमेना. साबणाची ओली वडी धरल्यासारखं होतं, म्हणायचे. तुझ्या बाबाला, समीरला, मी फोनवर विचारलं. तो म्हणाला, "आई, पेनचा टॅबलेट घ्या. पाटीसारखा असतो, पेन पाटीवर फिरवायचं, रेघ स्क्रीनवर उमटते. अगदी साधा घ्या, महागाची गरज नाही." त्याला मी हाताचं सांगितलं नव्हतं. परक्या देशात नवी नोकरी, दोन लहान मुलं. सांगून तो काय करणार होता? इरा, तो आता हे वाचतोय. समीर, तेव्हा मला हेच बरोबर वाटलं होतं.

मी वहीत रकाने आखले. काढायची जागा किती, इंचाला रेघा किती, पेन दाब ओळखतं का, पेनला सेल लागतो का, आमच्या जुन्या कॉम्प्युटरला चालेल का. सायबर कॅफेत बसून सात नावं उतरवली आणि पाच खोडली. उरलेली दोन बघायला आम्ही ठाण्याला गेलो.

दुकानदाराने दोन्ही खोकी काचेवर उघडून ठेवली. एक पॅड रुंद, आठ इंच बाय सहा. त्याचं पेन जाडजूड, पोटात सेल, हातात घेतलं की वजन कळायचं. दुसरा पाच बाय चार, पोस्टकार्डाहून जरासा मोठा. त्याचं पेन हलकं, बिनसेलचं. किंमत दोन्हींची जवळपास सारखी. रुंद पॅडच्या खोक्यावर लिहिलं होतं, इंचाला दोन हजार रेघा. छोट्याच्या खोक्यावर चार हजार.

नानांना मी मराठीत समजावलं, इंचभर जागेत पेन नेमकं कुठे आहे हे पॅडला जितक्या बारकाईने कळतं, तितक्या त्या रेघा. ते ऐकताना त्यांचा चेहरा उजळला. कॉम्प्युटरचं जग त्यांना परकं होतं, पण इंचाला किती, हा त्यांच्या घरचा प्रश्न होता. त्यांनी डाव्या हाताने खिशातून भिंग काढलं, उघडलं आणि पॅडवर ठेवून वाकून बघितलं.

"काका, आत काय दिसायचं नाही," दुकानदार म्हणाला. "प्लास्टिक आहे ते."

"दोन हजार म्हणजे विरळ झालं," नाना मला म्हणाले. "पन्हा मोठा दिलाय, त्याला गिऱ्हाईक भुलतं. हा छोटा दाट आहे. आणि पेनही हलकं आहे."

मला ते पटलं. लग्न होऊन मी या गावात आले त्याला पस्तीस वर्षं झाली होती. पन्हा बघायचा नाही, वीण बघायची, हे माझ्याही हाडात गेलं होतं. रेघांच्या रकान्यात मी छोट्यापुढे खूण केली.

"वापरणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

नाना दुकानाच्या दाराकडे बघायला लागले. त्यांच्या पँटचा उजवा खिसा आतून हलत होता. दुकानदार कागदाचे बोळे घातलेलं खोकं आवरत होता, त्याचं लक्ष नव्हतं.

"आमची नात," मी म्हटलं. "आठ वर्षांची आहे."

"मग छोटाच न्या, आंटी. मुलांचा हात पक्का असतो."

इरा, तू तेव्हा पाच हजार मैलांवर होतीस. पण तो पॅड तुझ्या नावाने आमच्या घरी आला.

घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि टेबलाशी बसले. पेन पॅडवर टेकवलं आणि पानाचा देठ ओढला. हात एवढासाच हलला. स्क्रीनवर मात्र भूकंपाच्या बातमीत दाखवतात तसली रेघ वरखाली होत गेली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. कागदावर त्यांचा ब्रश चौकटीबाहेर जायचा तो केसभर. हे तसं नव्हतं.

"मशीनला कंप आहे," नाना म्हणाले.

"व्होल्टेज कमी असेल," मी म्हटलं.

व्होल्टेज आमच्याकडे खरोखरच कमी असायचं. पंखा म्हाताऱ्यासारखा फिरायचा. त्यामुळे ते कारण दोघांनाही घेता आलं. शेजारच्यांकडून स्टॅबिलायझर मागून आणला. मी त्याच्या काट्यावर नजर ठेवायची आणि नाना रेघ ओढायचे. सकाळी ओढून बघितली, दुपारी मागच्या शेडला सुट्टी असताना बघितली, प्लग बदलून बघितला. असे नऊ दिवस गेले. काटा दोनशेवीसवर गप्प उभा असायचा आणि रेघ हलत असायची.

रविवारी समीरचा फोन आला. पॅड किती मोठा घेतला म्हणाला. मी वहीत बघून सांगितलं.

"एवढा छोटा? आई, आपली स्क्रीन सतराची आहे. पॅडवरचा एक इंच तिथे जवळजवळ तीन इंच होतो. बाबांचा हात बसलेला आहे म्हणून ठीक, नाहीतर जरा हलला की रेघ तिप्पट हलणार."

"आणि इंचाला रेघा? त्या जास्त आहेत ना याच्यात?"

"त्याने काय होतं? उलट बारीकसं हललेलंही तो सोडणार नाही, टिपणारच."

मी तेही त्याच रकान्यात लिहून ठेवलं. अक्षर चांगलं आलं होतं. दाट विणीच्या कापडात सुताचा दोष झाकला जातो, म्हणून ते मोलाचं. आम्ही त्याच न्यायाने दोष टिपणारी वस्तू हौसेने निवडून आणली होती, आणि सोबत हातात उडणारं हलकं पेन. रुंद पॅड आणि ते जड पेन तिथेच काचेवर होतं. बदलून द्यायची दुकानदाराची मुदत एक आठवड्याची होती. तो आठवडा आम्ही स्टॅबिलायझरचा काटा बघण्यात घालवला होता. आणि मुदत असती तरी, बदलून का हवाय, असं त्याने विचारल्यावर मी काय सांगणार होते? नातीचा हात हलतो?

नानांना मी फोनवरचं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. फोन माझ्या कानाला होता तेव्हा ते दोन हातांवर होते आणि समीरचा आवाज मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नुसते बसून होते. पेन्सिलीने एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी पान काढलं होतं, वाकडंतिकडं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही वाचा. मी घेते."

"काय वाचू? ग्राफ कुठाय?"

"डोक्यात आहे ना?"

मग त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा दिली. मी कॉम्प्युटरवर चौकटींचा कोरा कागद उघडला आणि पेन हातात घेतलं. त्यांनी डोळे मिटले आणि न काढलेला ग्राफ वाचायला सुरुवात केली. "चार सोड. एक घे. नऊ सोड. दोन घे, तीन सोड, दोन घे." पंचिंगवाल्याशेजारी लागायचा तोच आवाज. मी एकेका चौकटीवर पेन टेकवत होते आणि ती लाल होत होती. खरं सांगायचं तर याला पॅड लागतच नव्हता. चौकटी मोठ्या करून माऊसनेही मी त्या भरल्या असत्या. पण पेन होतं, त्यामुळे आपण चित्र काढतोय असं धरून चालता यायचं.

दहावीची परीक्षा सुरू झाली, शिकवणीची मुलं यायची थांबली, त्यांच्या खुर्च्या भिंतीला लावल्या. मार्च गेला, ऊन वाढत गेलं. वेळापत्रकात लाइटचे तास दिसतील तसे मी कामाचे तास आखले. माझा तळवा घामाने पॅडला चिकटायचा. लाइट जायची, मागे माग एकदम गप्प व्हायचे, टेबलाखालचा यूपीएस कुं कुं करायला लागायचा. त्याच्या दहा मिनिटांत मी सगळं साठवून कॉम्प्युटर बंद करायची. नाना थांबायचे नाहीत. डोळे मिटलेले, आणि त्या शांततेत त्यांचा एकट्याचा आवाज, दोन घे, तीन सोड. मी कागद ओढून खिडकीच्या उजेडात पेन्सिलीने खुणा करत जायची. मागच्या शेडबाहेर एक जण म्हणायचा, "मास्टर चालू है." त्यांना तो आवाज तिथपर्यंत ऐकू जायचा.

लाइट गेलेल्या त्या तासांत मला कधी कधी बरं वाटायचं. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते, पण वाटायचं.

एका सकाळी मी एक ओळ चुकले. तिसऱ्या पानाचं टोक जुळत आलं होतं आणि तिथेच ते तुटलं. नानांनी डोळे उघडून स्क्रीनकडे बघितलं. एकच चौकट हवी होती, टोकाची.

"दे इकडे," म्हणाले.

मी उठले. ते माझ्या जागी बसले. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताचं मनगट घट्ट धरलं आणि पेन खाली आणलं. टक् टक् टक् असा पावसाच्या थेंबांसारखा आवाज झाला. पाच चौकटी लाल झाल्या. हवी होती ती त्यांत नव्हती.

माग चालू होते. काटा दोनशेवीसवर होता. पंखा जोरात फिरत होता.

त्यांनी पेन पॅडवर ठेवलं, पॅडच्या कडेला समांतर, नीट. "काढून टाक त्या," म्हणाले.

"काढल्या," मी थोड्या वेळाने म्हटलं.

त्यानंतर त्यांनी ते पेन हातात घेतलं नाही. दुसरं कुठलंही घेतलं नाही. बँकेत सहीच्या ऐवजी अंगठा देतो म्हणाले, आणि दिला.

काठ पुरा झाला. अक्षय्यतृतीयेला चार दिवस होते. मी सीडी बनवली, तिच्यावर बारीक अक्षरात नाव घातलं, आणि आम्ही रिक्षाने राहनाळला गेलो. शेडच्या अलीकडेच घणांचे आवाज यायला लागले. दारात टेम्पो मागे लावलेला होता. आत दोन माणसं मागांचे सांगाडे फोडत होती आणि तुकडे टेम्पोत फेकत होती. बिडाचं लोखंड तुटताना काच फुटल्यासारखा आवाज येतो, हे मला तेव्हा कळलं.

हरिभाऊ बनियनवर उभे होते. आम्हाला बघून पुढे आले.

"नाना, तुमी यायला नको होतं."

"व्यापारी?"

"फोनवरच न्हाय बोलला. त्याला सुरतवरून तयार काठ येतो. मंग पोरगा बोलला, आता कोनाची वाट बघतो बाबा?" हरिभाऊंनी मान खाली घातली. "मी दोन दिवस तुमच्याकडं येतो येतो करत होतो. पाय उचलला न्हाय."

नानांनी डाव्या हाताने सीडी पुढे केली. हरिभाऊंनी बनियनला हात पुसून ती घेतली, उलटसुलट करून बघितली.

"पान हाय ह्याच्यात?"

"आहे."

"तिवराचा?"

"तिवराचंच. पण हात हिचा आहे," नाना म्हणाले. "मी नुसतं वाचलं."

मी तिथे बोलायला हवं होतं. पान तुमचं आहे, मी नुसता हात दिला, एवढं वाक्य होतं. मला ते रिक्षात बसल्यावर सुचलं आणि मग मी ते कधीच बोलले नाही. हरिभाऊ म्हणाले, "बाई, तुमी कधी शिकलात?" आणि मी म्हटलं, "शिकले नाही हो."

आतला एक माणूस पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे जुडगे ओढत बाहेर आला. जुन्या काठांचे, दोरीने बांधलेले, वर्षानुवर्षांचे. "सेठ, ये भी जाएगा क्या?" त्याने विचारलं. हरिभाऊंनी नानांकडे बघितलं.

"ले जाओ," नाना म्हणाले. "पुठ्ठा है."

त्यानंतर नाना दोन वर्षं होते. मी त्यांना भरवायची. औषधांचं वेळापत्रक लाइटच्या वेळापत्रकाशेजारी लावलं होतं आणि ते मी एकदाही चुकले नाही. उत्तरेच्या खिडकीशी ते बसायचे, रिकामं टेबल पुढे. बाहेरून येणाऱ्याला वाटावं, कामाला बसलेत. हरिभाऊंच्या शेडमध्ये आता खोकी असतात, छतापर्यंत. मागे एकदा त्या बाजूने गेले तेव्हा दार उघडं होतं आणि आत खरंच दिवा नव्हता.

आता तुझं उत्तर. इरा, रुंद घे. तुझा हात पक्का असला तरी रुंद घे. इंचाला रेघा किती, तो आकडा वाचायचाच नाही, दोन्हींत तुला पुरून उरतील इतक्या असतात. पेन दुकानात पाच मिनिटं हातात धरून बघ, हलकं आहे म्हणून खूश होऊ नकोस. आणि वापरणार कोण, असं त्यांनी विचारलं की ज्याचा हात आहे त्याचं नाव सांग. तुझ्या नावाने तो प्रश्न एकदा मी टाळला आहे.

लाइट आली की मी तुला ती फाइल पाठवते. तिवराच्या पानांचा काठ आहे, तीन पानं, मग पुन्हा तीच तीन. तिसऱ्या पानाच्या टोकाशी मोठं करून बघ. टोकाच्या बाहेर पाच लाल चौकटी दिसतील, कशाशीही न जुळणाऱ्या. तो काठ विणला गेला असता तर साडीभर, दर वीतभर अंतरावर, ते पाच ठिपके आले असते आणि हरिभाऊंचा माल परत आला असता. बाकीच्या सगळ्या चौकटी माझ्या हातच्या आहेत. त्या पाच नानांच्या. पुसायच्या की ठेवायच्या ते तू ठरव. नानांना मी पुसल्या म्हणून सांगितलं होतं.